तयार माल की ऑर्डरप्रमाणे? दागिन्यांची हौस धंद्यात उतरवताना

हौसेने केलेले दागिने बघून लोक "हे विकत का नाहीस?" असं विचारायला लागले, की डोक्यात आधी किंमत येते. माझ्या मते त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवायला हवी. दागिने करून ठेवायचे आणि मग गिऱ्हाईक शोधायचं, की मागणी आली की करायला घ्यायचं? किंमत, भांडवल, रोजचं वेळापत्रक हे सगळं पुढे त्यावरच ठरतं.

ऑर्डरच्या कामात पैसा अडकत नाही असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मणी सराने मिळतात, तार गुंडाळीने. एका हारासाठी तीन रंगांचे सर आणले की निम्मे मणी डब्यात उरतात, आणि पुढच्या ऑर्डरला नेमका चौथा रंग लागतो. तयार मालात तेच मणी पाच डिझाइनमध्ये फिरवता येतात, कारण डिझाइन तुमच्या हातात असतं.

खरा फरक वेळेचा. साधे आकड्याचे कानातले घ्या. तार 20 गेजची, म्हणजे साधारण 0.8 मिलिमीटर जाडीची. दहा जोड एकदम करायचे असतील तर सगळ्या तारा एका मापाच्या कापायच्या, मग सगळ्यांची टोकं घासून गुळगुळीत करायची आणि शेवटी सगळे आकडे एकाच गोल दांड्यावर वळवायचे. तिसऱ्या-चौथ्या जोडाला हात बसतो आणि डावा-उजवा हुबेहूब येतो. एकच जोड करताना मात्र पक्कड उचल, कानस उचल, पुन्हा पक्कड. काम तेवढंच असतं, तरी जोडामागे वेळ मात्र कितीतरी जास्त जातो.

त्यात गिऱ्हाइकाशी होणारं बोलणं धरा. फोटो पाठवायचे, रंग बदलायचा, "जरा लांब हवं होतं" ऐकून पुन्हा ओवायचं. हा वेळ घडणावळीत कोणी धरत नाही आणि इथेच नवखी माणसं थकतात. ऑर्डरच्या दागिन्याची किंमत तयार दागिन्याएवढीच ठेवणं म्हणजे स्वतःची मजुरी सोडून देणं.

अंगठ्यांचं तर फारच जपून. व्यासात 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात 3 मिलिमीटरहून जास्त. उन्हाळ्यात बोटं फुगतात, आणि रुंद पट्टीची अंगठी त्याच मापाच्या बारीक अंगठीपेक्षा घट्ट बसते. दोरा गुंडाळून घेतलेल्या मापावर विसंबू नका. तयार मालात अंगठ्या ठेवायच्या तर प्रत्येक डिझाइनचे अनेक साइज ठेवावे लागतात. सुरुवातीला तयार माल आणि ऑर्डर, दोन्हींत अंगठी टाळावी, किंवा थोडी लहानमोठी करता येणारी, उघड्या पट्टीची करावी.

माल पडून राहण्याची भीती मात्र रास्त आहे. पण ती कशापासून दागिने करता यावर अवलंबून आहे. मण्यांचा हार उसवून मणी परत वापरता येतात. चांदी वितळवता येते. रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, लोलक एकदा घट्ट झाला की झाला, आणि मुलामा दिलेल्या वस्तूचाही फारसा पुनर्वापर होत नाही. म्हणून रेझिन आणि मुलाम्याचं काम असेल तर थोडंच तयार ठेवा. दागिन्यांच्या चांदीत सहसा 92.5 टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं असतं. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे ती काळवंडते, तेव्हा साठा हवाबंद पिशव्यांत ठेवायला हवा.

परतीचा मुद्दा सरळ आहे. तयार हार परत आला तर दुसऱ्याला विकता येतो, कोणाच्या नावाची अक्षरं ओवलेलं ब्रेसलेट नाही. कानातले मात्र स्वच्छतेच्या कारणाने परत न घेतलेलेच बरे. आणि ते कोणत्याही पद्धतीने विका, निकेलची ॲलर्जी अनेकांना असते, त्यामुळे आकडा कोणत्या धातूचा आहे हे खरं सांगा.

मग निवडायचं काय? नोकरी सांभाळून संध्याकाळचा थोडा वेळ मिळत असेल, तर तयार माल. तारखांचं दडपण राहत नाही. माणसांशी बोलून त्यांच्या मनातलं घडवण्यात तुम्हाला खरा आनंद असेल, तर ऑर्डर. तो आनंद खोटा नाही, आणि असं काम गिऱ्हाईक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. मला विचाराल तर पहिल्या वर्षी मोजकी डिझाइन्स तयार ठेवावीत आणि त्यात दोनच बदल करून द्यावेत: लांबी आणि खड्याचा रंग. पूर्ण नवं काही हवं असेल तर आधी रेखाटन पाठवा, मापं लिहून घ्या, निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि तारीख तुमच्या सवडीची द्या. ज्यांना हे जमणार नाही, त्यांना तयार असलेलं दाखवा.