वाफेच्या लाईनवर ग्लोब व्हॉल्व्ह: नऊ महिन्यांनंतर

प्रोसेस हीटरच्या वाफेच्या लाईनवर आमच्याकडे आधी गेट व्हॉल्व्ह होते, म्हणजे सरकत्या पाचरीने वाट बंद करणारे. वाफ कमी-जास्त करायला ऑपरेटर तेच अर्धवट उघडे ठेवायचे. गेटला ते मानवत नाही. वेज, म्हणजे ती पाचर, थरथरत राहते, कडा झिजतात, आणि मग चाक शेवटपर्यंत फिरवलं तरी वाफ पास होते, म्हणजे पुढे निसटते. शेवटी ते सगळे काढले आणि बारा ग्लोब व्हॉल्व्ह बसवले (यात चाकाच्या दांड्याला, म्हणजे स्पिंडलला, लावलेली डिस्क सीट नावाच्या गोल कडेवर टेकून वाट बंद करते): 50 मिमी, क्लास 300 (हा दाबाचा दर्जा), फ्लँजवाले (भोकं असलेल्या कड्यांनी पाइपाला जोडायचे), डब्ल्यूसीबी म्हणजे ओतीव कार्बन स्टीलची बॉडी, 13 टक्के क्रोमची ट्रिम (डिस्क, सीट वगैरे आतले भाग), ग्राफाइट पॅकिंग (स्पिंडलभोवती गळती रोखणाऱ्या रिंगा). लाईनमध्ये 10 बारची संपृक्त (त्या दाबाला पाणी उकळतं त्याच तापमानाची) वाफ, म्हणजे साधारण 184 अंश सेल्सिअस.

आता नऊ महिने झालेत. निम्म्या व्हॉल्व्हकडे परत वळून बघावंही लागलं नाही. बाकीच्यांनी जो त्रास दिला, त्यातला बहुतेक आम्हीच बसवताना पेरून ठेवला होता. बनवणाऱ्याला बोल लावावा अशी एकच गोष्ट सापडली: बॉडीवरचा प्रवाहाचा बाण जाड रंगाखाली गेलेला. त्यानेच पहिला घोळ झाला.

पाच आणि सहा नंबर उलटे बसले. दोन्ही बाजूंचे फ्लँज सारखेच, चाक पुढे यायला हवं म्हणून फिटरने सोयीने फिरवून घेतले. हीटर व्यवस्थित चालू झाला, त्यामुळे महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ऑपरेटर कुरकुरायला लागले की हे दोनच उघडताना जड का जातात. या मापाच्या व्हॉल्व्हमध्ये सहसा वाफ डिस्कच्या खालून येते. बंद केला की दाब डिस्कखाली अडतो आणि ग्लँडवर, म्हणजे पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागावर, काही येत नाही. उलटा बसवला की दाब डिस्कच्या डोक्यावर. उघडायला जोर लागतो, आणि व्हॉल्व्ह बंद असला तरी ग्लँड दाबाखालीच राहतो. आम्ही बोनेटवर (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणावर) साठलेली वाफ बघून पॅकिंगला शिव्या घालत होतो. पॉलिश पेपरने रंग घासला तेव्हा बाण दिसला. (जास्त तापमानाच्या लाईनवर काही ठिकाणी मुद्दाम वरून दाब देतात, पण तो आधी ठरवून केलेला प्रकार असतो.)

चार नंबरची गोष्ट आणखी लाजिरवाणी. नव्या वेल्डिंगनंतर लाईन फ्लश न करताच व्हॉल्व्ह चढवला. विसाव्या दिवशी तो पास व्हायला लागला. लाईन बंद केली, ड्रेन केली, कुलूप लावलं, थंड होऊ दिली आणि बोनेट उघडलं. सीटवर मोहरीएवढा वेल्डिंगचा मणी दाबून बसलेला होता आणि त्याच्याभोवती चंद्रकोरीसारखा खळगा. म्हणजे गळतंय म्हणून जितक्या वेळा चाक आवळलं, तितका तो मणी आम्हीच आत ठोकत होतो.

लॅपिंग करून, म्हणजे पेस्ट लावून डिस्क सीटवर घासून, सीट वाचली. आधी जाड दाण्याची पेस्ट, मग बारीक. डिस्क थोडी इकडे थोडी तिकडे फिरवायची, उचलायची, जागा बदलायची, परत. गोल गोल एकाच दिशेने घासत बसलं तर सीटवर चऱ्या उमटतात. शेवटी पेस्ट पूर्ण पुसून डिस्कला निळ्या रंगाचा अगदी पातळ थर लावला आणि सीटवर टेकवून उचलली. निळी रेघ सगळीकडून अखंड उमटायला हवी. आमची तिसऱ्या खेपेला उमटली. बोनेट परत लावताना गॅस्केट नवीन घ्या, आणि चाक फिरवून डिस्क आधी वर उचलून ठेवा. ती खाली असेल तर बोनेटचे नट आवळताना सगळा जोर स्पिंडलवर येतो.

आता उभ्या-आडव्याचा मुद्दा, ज्यावर आमच्यात चांगलीच वादावादी झाली. स्पिंडल उभा आणि चाक वर, अशी सगळ्यांच्या हाताची सवय. पाणी किंवा कोरड्या हवेच्या लाईनवर ते बरोबरच आहे. पण ग्लोब व्हॉल्व्हच्या पोटात प्रवाह आधी वर चढतो आणि मग उतरतो. मधे एक बांधच असतो. आडव्या वाफेच्या लाईनवर स्पिंडल उभा ठेवला तर त्या बांधामागे कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, साठतं. रोज सकाळी लाईन चालू करताना जे धाडधाड आवाज यायचे, त्यांना आम्ही ट्रॅप (हे पाणी लाईनबाहेर सोडणारी साधनं) जबाबदार धरत होतो. दोन ट्रॅप बदलले, आवाज तसाच. मग एका व्हॉल्व्हचे स्टड काढून तो दोन भोकं पुढे सरकवला. या फ्लँजला आठ भोकं असतात, त्यामुळे दोन भोकं म्हणजे बरोबर काटकोन. स्पिंडल आडवा झाला, साठलेल्या पाण्याला बाजूने वाट मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हीटरकडे उभं राहून ऐकलं, नुसती सळसळ. मग आडव्या लाईनवरचे सगळेच फिरवले. चाक आता चालण्याच्या वाटेवर येतं आणि कोपराला लागतं, ही तक्रार आहेच. स्पिंडल खाली तोंड करून मात्र कधी लावू नका, सगळी घाण बोनेटमध्ये जमते.

ग्लँडबद्दल थोडं सविस्तर. व्हॉल्व्ह आले तेव्हा ग्लँडचे नट हातानेही फिरत होते. पहिल्यांदा लाईन गरम झाल्यावर ग्राफाइट बसतं आणि नट आणखी सैल पडतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आवळणं आलंच. आमचा ठरलेला माप नटाचा एक पैलू, म्हणजे फेरीचा सहावा भाग. एकदा इकडचा, एकदा तिकडचा, आणि प्रत्येक वेळी चाक हाताने फिरवून बघायचं. नऊ नंबरवर घाईत कुणीतरी एकाच बाजूचा नट आवळत नेला. ग्लँड तिरका झाला आणि स्पिंडलला घासला. पॅकिंग बदललं तेव्हा स्पिंडलवर उभी चरी दिसली, नखाला अडकेल इतकी. नव्या रिंगा 45 अंशांत कापल्या, प्रत्येकीचा सांधा आधीच्यापासून 90 अंश फिरवून बसवला, तरी त्या चरीतून थोडं येतंच. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बॅकसीटवर (बोनेटच्या आतल्या वरच्या सीटवर) टेकवला की चालू लाईनवर पॅकिंग बदलता येतं, असं सांगणारे भेटतील. बॅकसीट धरतेय की नाही हे बाहेरून कळत नाही. आम्ही लाईन बंद करूनच बदलतो.

सात नंबरने खरा धडा दिला. त्या हीटरला वाफ कमी लागते, म्हणून तो महिनोन् महिने जेमतेम पाव फेरी उघडा होता. ग्लोब आहे, थ्रॉटलिंग (अर्धवट उघडून प्रवाह कमी करणं) चालतंच, या समजुतीवर. चालतं, पण इतक्या बारीक फटीतून ओली वाफ प्रचंड वेगाने जाते आणि सीट कापते. उघडलं तेव्हा सीटवर ब्लेडने ओढल्यासारखी आडवी खाच होती. ती लॅपिंगने जाण्यासारखी नव्हती. तिथे आता स्टेलाइट (कठीण मिश्रधातू) चढवलेली सीट आणि प्लगच्या आकाराची डिस्क आहे, आणि अर्ध्या फेरीच्या खाली उघडं ठेवायचं नाही असं ठरलंय.

चाकात पाना घालून पिळण्याची सवय मोडायला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला. गरम असताना बंद केलेला व्हॉल्व्ह थंड होताना स्पिंडल किंचित आखडतो आणि डिस्क सुटते. त्यावर पान्याने पिळण्याऐवजी थंड झाल्यावर हाताने एकदा परत बसवला की पुरतं. पूर्ण उघडल्यावर पाव फेरी मागे घ्यायची, म्हणजे चाक अडकत नाही आणि पुढचा माणूस उलट्या दिशेने जोर लावत नाही.

एक चूक पदरात पडली ती वेगळ्याच लाईनवर. शिल्लक असलेला तेरावा व्हॉल्व्ह कुणीतरी कंडेन्सेट पंपाच्या सक्शनला, म्हणजे पाणी ओढण्याच्या बाजूला, लावला. पूर्ण उघडा ग्लोब व्हॉल्व्ह पाइपाच्या व्यासाच्या 340 पट लांब सरळ पाइपाइतका अडथळा करतो. गेटचा हिशोब 8 पटींचा. 50 मिमीला म्हणजे 17 मीटर पाइप विरुद्ध 40 सेंटिमीटर. उकळीच्या जवळचं पाणी आणि त्यात हा अडथळा. दाब घटून पाण्यात वाफेचे बुडबुडे झाले आणि पंप खडे भरल्यासारखा वाजायला लागला. त्याच दिवशी काढला.

इन्सुलेशन आम्ही सुटं जॅकेट घेतलंय, ग्लँड उघडा राहील असं. नऊ नंबर रोज सकाळी दोन-तीन थेंब टाकतो आणि लाईन गरम झाली की थांबतो. पुढच्या शटडाऊनला त्याचा स्पिंडल बदलायचाय. तोवर नटाला हात लावू नये असं त्याच्या शेजारच्या पाइपावर खडूने लिहून ठेवलंय.