पायलिंट तीन महिने वापरलं, माझ्या इफ-एल्सच्या गुंत्यावर: चार स्टार

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी हिशोबपट्टीचा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिलाय, एकट्यानेच, म्हणजे शेठने फोनवर नवीन अट सांगितली की एक इफ, म्हणजे अट तपासणारी ओळ, वाढवायचा आणि झोपायचं. दोन सीझनमध्ये भाव काढायचं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, इफच्या आत इफ करत उजवीकडे सरकत सरकत पार बऱ्हाणपूरच्या हद्दीत गेलं. मग पायलिंट टाकलं, पायथनचा कोड तपासून चुका दाखवणारं टूल. फुकट आहे, पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने लगेच येतं, कोड न चालवता नुसता वाचतं आणि शेवटी दहापैकी मार्क देतं. मला पहिल्या दिवशी मायनसमध्ये मिळाले, हो, मायनसमध्येपण जातात.

पहिली तक्रार अशी की अटींचे ब्लॉक एकात एक सात, मर्यादा पाच. वजन भरलंय का, गाडीचा नंबर आहे का, आजचा भाव आलाय का, सगळं एकात एक कोंबलेलं आणि खरा हिशोब सगळ्यात आत. ते उलटं केलं. वजन नाही? इथूनच रिटर्न, म्हणजे फंक्शनमधून बाहेर. भाव नाही? रिटर्न. अशा नकाराच्या अटी दारातच निपटल्या की खालचा हिशोब सरळ डाव्या कडेला लागून येतो, वाचताना डोक्यात काही धरून ठेवावं लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी पायलिंट वसूल.

पण जिथे खरा घोळ होता तिथे त्याने हूं का चूं केलं नाही. मालाचे प्रकार चार, नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी. मी पिलबागला इफ, कांदेबागला एलिफ, म्हणजे पुढची अट, आणि बाकी उरलेलं सगळं एल्समध्ये, नवतीच्या भावाने. वापसी नंतर आली, यादीत टाकली, इथे टाकायची राहिली. म्हणजे वापसीचा हलका माल गुपचूप नवतीच्या चढ्या भावाने निघत होता आणि शेतकरी कशाला बोलेल! गुंता सुटल्यावर मी ते फंक्शन मुनीमजींना मराठीत वाचून दाखवलं, तर चहा खाली ठेवून म्हणे, "मंग वापसी कुठी गेली भाऊ?" माझी चूक, पायलिंटची नाही, कोड त्याच्या हिशोबाने बरोबरच होता.

मग इफ-एलिफऐवजी मॅच लावून बघितलं, एकेका प्रकाराला एकेक केस, ते पायथन ३.१० पासून आहे, २०२१ मधलं. दिसतं छान, पण कुठलीच केस लागली नाही तर काही न बोलता पुढे जातं, म्हणून शेवटी अंडरस्कोरची, म्हणजे 'बाकी काहीही' अशी, केस टाकून एरर द्यावीच लागते. शेवटी साधी डिक्शनरी ठेवली, चार नावं, चार भाव. पाचवं नाव आलं की प्रोग्राम तिथेच आपटतो, आणि मला तेच पाहिजे. प्रकारागणिक वेगळं काम करायचं असतं तर मॅचच ठेवलं असतं, इथे नुसता भाव बघायचाय.

बारीक सूचना कामाच्या आहेत. घडाचं वजन १८ पेक्षा जास्त किंवा तेवढंच आणि २२ पेक्षा कमी किंवा तेवढंच असं मी दोन तुकड्यात लिहिलेलं, तर म्हणे वजन मधे ठेव, १८ डावीकडे, २२ उजवीकडे, पायथनला चालतं. आता ती ओळ वहीतल्यासारखी दिसते. गावाचं नाव हे किंवा ते किंवा ते, अशी लांबण होती तिथे एक इन, म्हणजे 'या यादीत आहे का', सुचवला.

तक्रार टर्नरीची, म्हणजे एका ओळीत बसणाऱ्या इफ-एल्सची. एकाच ओळीत तीन इफ-एल्स कोंबून मुद्दाम बघितले, दुसऱ्या दिवशी मलाच उलगडेना, आणि मार्क मात्र वाढले! म्हणून एका ओळीत एकच टर्नरी, हा नियम माझा मीच केलाय. स्पीडपण बेताचा, जुन्या लॅपटॉपवर चांगलाच वेळ घेतं. रफ नावाचं असंच टूल रस्ट भाषेत लिहिलेलं आहे आणि खूप फास्ट आहे, पायलिंटचे बरेच नियम त्यात आहेत, पण सगळे नाहीत.

आणि एक हट्ट, इफमध्ये रिटर्न असला की खालचा एल्स काढ म्हणतं. दारातल्या अटींना ठीक आहे. पण पैसे रोख की उधार, तिथे दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या, एल्स काढला तर उधार म्हणजे उरलंसुरलं काहीतरी वाटतं, आणि आमच्याकडे तर अर्धा धंदा उधारीवर. सध्या ९.६ मिळतात. तो एल्स काढला तर थोडे वाढतील, मी नाही काढणार.