दवाखान्यातच लॅब टाकायची, की सॅम्पल बाहेर पाठवायचे?

तालुक्याच्या गावातले डॉक्टर हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांच्या हातात बहुतेक वेळा मशीनचं कोटेशन असतं. रक्तातली रसायनं मोजणारा सेमी-ऑटो अॅनालायझर, रक्तपेशी मोजणारं थ्री-पार्ट सीबीसी, ट्यूब गरगर फिरवून पेशी खाली बसवणारा सेंट्रीफ्यूज, झाली लॅब. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो आणि नंतर मोठ्या लॅबमध्येही. माझं म्हणणं, मशीन राहू द्या, आधी ट्यूबच्या मागे मागे चालून बघा.

सकाळी साडेआठला रक्त घेतलं. लॅब दवाखान्यातच असेल तर नऊ-सव्वानऊला ते फिरवून होतं. बाहेर पाठवायचं तर सॅम्पल न्यायला पोरगा येणार दुपारी एकला. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं की पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. साखर टिकवणाऱ्या राखाडी टोपीच्या फ्लोराइड ट्यूबलाही पूर्ण लागू पडायला तास-दोन तास जातात. पोटॅशियमचं उलटं. न फिरवलेलं रक्त बर्फाच्या पेटीत ठेवलं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट घाबरवणारा येतो. म्हणून ‘नुसतं कलेक्शनच तर करायचंय’ म्हणणाऱ्यालाही सेंट्रीफ्यूज घ्यावाच लागतो. जेल ट्यूब (पेशी आणि सीरम वेगळं ठेवणारी) अर्धा तास गोठू द्यायची, फिरवायची, मगच पेटीत.

वेळेत घरची लॅब जिंकते, पण कंट्रोलमध्ये, म्हणजे आधीच उत्तर ठाऊक असलेले नमुने लावून मशीन तपासण्यात, तीच हरते. बऱ्या मोठ्या लॅबमध्ये रोज सकाळी पेशंटच्या आधी दोन पातळ्यांचे कंट्रोल लागतात, आकडे रोजचा चढउतार दाखवणाऱ्या लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर चढतात, शिवाय वेल्लोरच्या सीएमसीसारख्या संस्थेकडून बाह्य तपासणीचे नमुने येतात. दवाखान्यात दिवसाला पाच-सात टेस्ट. कंट्रोलची बाटली महाग, उघडली की लवकर संपवायची. मग तो ‘सोमवारी लावू’ होतो. आमच्याकडेही तसंच होतं. एका गुरुवारी क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) लागोपाठ १.९, २.१, १.८, तिन्ही जास्त. तिसरा डॉक्टरांचाच भाचा होता, २२ वर्षांचा, सहज तपासणीला आलेला. तो नसता तर कुणाला शंकाही आली नसती. रीजंटचा, म्हणजे टेस्टच्या रसायनाचा, नवा लॉट उघडला होता आणि मशीनचं माप जुळवणारं स्टँडर्ड लावायचं मी विसरलो होतो. नऊ वाजता कंट्रोल लावला असता तर तिथेच सापडलं असतं.

मोठ्या लॅबला दिसत नाही ती चूक वेगळी. दोन पाटीलबाई शेजारी बसलेल्या, ट्यूबवर नावं नंतर टेबलावर लिहिलेली. तिथलं मशीन कितीही भारी असो, ट्यूबमध्ये रक्त कुणाचं ते त्याला कळत नाही. लेबल पेशंटसमोरच लावायचं. ही जबाबदारी दोन्हीकडे तुमचीच.

सुरक्षिततेत बाहेर पाठवण्याने काम कमी होतं, संपत नाही. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात जायची ती तुमच्याच दवाखान्यातून, आणि रक्ताने माखलेला कापूस-पट्ट्यांसारखा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. सुईला परत टोपण लावायची सवय मोडा. रक्त काढणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीचे तीन डोस हवेत. सुई टोचलीच तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. ती जवळ कुठे मिळतात ते आजच विचारून ठेवा. लॅब टाकलीत तर यात भर पडते: सांडलेलं रक्त, सेंट्रीफ्यूजचा रोटर थांबायच्या आत उघडलेलं झाकण. आणि रीजंटच्या फ्रिजमध्ये जेवणाचा डबा ठेवणारे नेहमीचे दोघे-तिघे असतातच.

सहीचंही बघा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लॅब रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. कधीच न येणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची स्कॅन केलेली सही छापायचा विचार असेल, तर लॅब टाकूच नका.

माझा कौल: पॅथॉलॉजिस्ट खरोखर येणार असेल आणि रोज कंट्रोल लावणारा माणूस असेल, तर साखर, सीबीसी, लघवी, क्रिएटिनिन दवाखान्यातच करा आणि थायरॉइड, कल्चर (जंतू वाढवून बघायची टेस्ट) बाहेर पाठवा. नाहीतर सेंट्रीफ्यूज घ्या आणि चांगली लॅब निवडा. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का बघून थांबू नका. मान्यता ठरावीक टेस्टनाच असते, ती यादी मागा. आणि एवढं विचारा, रात्री नऊला पोटॅशियम ६.५, म्हणजे जिवावर बेतणारं, आलं तर मला फोन कोण करणार?