केर्नगॉर्मच्या वाऱ्यात सोलापूरची कडक भाकरी

नवी पेठेतून घेतलेली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी. सोलापूरकराला या जोडीचं परीक्षण काय सांगायचं? पण यंदा जानेवारीत आम्ही कॉलेजचे जुने दोस्त स्कॉटलंडच्या डोंगरात हिंडायला गेलो, आणि तिथं या मालाचा खरा कस लागला.

शिखराची उंची बघून आमच्यातल्या एकानं आधीच नाक मुरडलं होतं. केर्नगॉर्म १२४५ मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच बेन नेव्हिससुद्धा १३४५, आणि आपली कळसूबाई १६४६. "एवढ्यासाठी व्हिसा काढायचा होय रे?" वरच्या पठारावर पोचल्यावर गडी गप्प झाला. याच शिखरावर मार्च १९८६ मध्ये ताशी १७३ मैलांचा वाऱ्याचा झोत नोंदलेला आहे. आमच्या वाट्याला त्याचा किरकोळ हिस्सा आला, तरी एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत होतं. बुटाखाली क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे काटे), हातात बर्फाची कुऱ्हाड, आणि दुपारी चारच्या आसपास सूर्य मावळणार. थांबलं की अंगातला घाम गार पडतो. म्हणजे जेवण उभ्या उभ्या, जाड हातमोजे घालून, दोन-चार मिनिटांत उरकायचं.

तिथं भाकरी पास झाली. चॉकलेटची वडी इतकी टणक झालेली की दाढ दुखली. सँडविचचा पाव ओलसर असल्यानं गारठून बेचव झाला. कडक भाकरीत मुळात पाणीच नाही, तर गोठणार काय? तव्यावरून उतरल्यावर जशी, तशीच तिथं. कुडकुड वाजते, चवीला खमंग.

चटणीची गोष्ट वेगळी. उखळात कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि त्यातच तिची गंमत असते. आपल्याकडं ते तेल पाकिटाबाहेर यायला बघतं. तिथं मात्र थिजलं आणि चटणीचे गोळे झाले. चव शाबूत, फक्त जिभेवर उशिरा उमलते. पाकीट फोडल्यावर वरची सुटी पूड मात्र वाऱ्यानं उडाली ती थेट शेजारच्याच्या चेहऱ्यावर. त्यानं गॉगल लावला होता म्हणून दोस्ती टिकली.

दुसऱ्या खेपेला आम्ही रात्रीच सोय केली: भाकरी चुरून, चटणी मिसळून, वर तेलाची धार सोडून कुस्करा डब्यात भरला. डब्यात चमचा, एकेक घास, डबा पुढच्याकडं. लोणी हवं होतं, पण भारतातून दूधदुभतं ब्रिटनमध्ये नेता येत नाही, तेव्हा तेलावर भागवलं. तिखटानं तहान लागते हे धरून चला. पाण्याची बाटली उलटी ठेवा; बर्फ वरून धरतो, त्यामुळं बूच मोकळं राहतं. थर्मासातला चहा असेल तर विचारूच नका.

तक्रार पॅकिंगची. पातळ प्लॅस्टिक, कडा घट्ट चिकटवलेल्या, फाडायला खाच नाही. हातमोज्यानं उघडेना, शेवटी दातानं फाडलं. प्रवासात निम्म्या भाकऱ्यांचे तुकडे झाले ते निराळंच. परत आल्यावर दुकानात सांगितलं, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "आमची भाकरी घरी बसून खायाची असती हो, डोंगरावर कोण नेतंय?" काका, आम्ही नेतो. खाच तेवढी द्या.

बाजरीचीही नेली होती. ती जास्त ठिसूळ, पिशवीत तिचा भुगा होतो. डोंगरासाठी ज्वारीचीच घ्या. चटणी मध्यम तिखट सांगा, आणि भाकऱ्या सामानात न टाकता स्टीलच्या गोल डब्यात, हातातल्या बॅगेत न्या.