शाळाप्रवेशाच्या ‘हमी’पायी १,३५,५०० रुपये गेले

आधी आकडे देतो, कारण मुलाच्या थेरपी सेंटरवाल्या मॅडम आता सांगत फिरतात की आम्ही फक्त थेरपीची फी भरली. असेसमेंट, म्हणजे मुलाची तपासणी, ४,५००. शाळेत प्रवेश करून देण्याचे २५,०००. परत मिळणारं डिपॉझिट ४०,०००. सहा महिने ‘शाळेची तयारी’, महिना ९,८०० प्रमाणे ५८,८००. घरी वापरायचं किट ७,२००. एकूण १,३५,५००. पावत्या ६३,३०० च्याच आहेत. उरलेले ७२,२०० मॅडमच्या स्वतःच्या खात्यावर गेले आणि त्यांची पावती ‘शाळा नक्की झाली की एकदमच देते’ यावर अडकली. डिपॉझिट व्यक्तीच्या खात्यावर मागितलं की तिथूनच उठा.

आम्ही अडाणी नाही. मुलगा साडेतीन वर्षांचा, ऑटिझमची शंका, सरकारी केंद्रात पहिली तारीख तीन महिन्यांनंतरची. ‘लहानपणी जेवढं होईल तेवढं करून घ्या’ असं जो तो कानीकपाळी ओरडत असतो. अशा वेळी ‘जूनमध्ये नॉर्मल शाळेत बसवून देते’ म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार नाही?

पण असेसमेंटच्या रिपोर्टचं चौथं पान. ते आठवलं की आजही झोप उडते. इंग्रजीतला रिपोर्ट, पहिली तीन पानं मुलगा म्हणून ‘he’, आणि चौथ्यावर एकदम मुलगी, ‘she’: ती हिंदीतल्या सोप्या सूचना पाळते. आमच्या घरात मराठी, अंगणात कोंकणी. त्याला हिंदीत कोणी हाकसुद्धा मारत नाही. बायकोनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, टायपिंगची चूक असेल, आणि पान उलटलं. दुसऱ्याच कुणाच्या मुलीच्या रिपोर्टवर आमच्या मुलाचं नाव चढवलं होतं. त्या दिवशी फक्त ४,५०० गेले होते. बाकीचे १,३१,००० मी ते पान उलटल्यावर गेले.

असेसमेंट ३५ मिनिटांत उरकलं होतं. नीट करायचं तर मुलाला वेळ देऊन बघतात, आईवडिलांना सविस्तर विचारतात, गुण लिहून देतात. आयएसएए या ऑटिझम मोजायच्या भारतीय चाचणीत ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या आत असेल तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आमच्या रिपोर्टात नुसतंच ‘सौम्य’, बेरीज कुठेच नाही. चाचणीचं नाव आणि गुण नसलेला रिपोर्ट घेऊ नका.

मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, तसाच. ‘लक्ष वाढवणे’, ‘संवाद सुधारणे’. कितीनं, कधीपर्यंत, कोण करणार, काही नाही. खऱ्या आराखड्यात असं असतं: तीन महिन्यांत पाणी हवं असेल तर चित्रकार्ड उचलून देईल, १० पैकी ८ वेळा. सोबत तपासणीची तारीख आणि शिकवणाऱ्याचं नाव.

भिंतीवर आरसीआयचं, म्हणजे थेरपिस्टांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचं, प्रमाणपत्र होतं. त्याचा फोटो आम्ही काढला होता, वाचला नव्हता. नाव दुसऱ्याच बाईंचं, मुदतही संपलेली. सीआरआर नंबर, म्हणजे त्यांचा नोंदणी क्रमांक, आरसीआयच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे तो असलाच पाहिजे. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद आरसीआयकडे नसते, त्यांची पदवी आणि त्यांच्या संघटनेची नोंद बघा.

ज्या शाळेशी ‘टायअप’ होतं म्हणे, तिथल्या हेडमास्तरांनी सेंटरचं नावही ऐकलं नव्हतं. मुळात प्रवेशाला दलाल लागतोच कशाला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारमान्य शाळेनं भेदभाव न करता मूल घ्यायचं असतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा आपण निवडू त्या विशेष शाळेत. मुलाला घेऊन थेट शाळेत जा, दोन दिवस वर्गात बसू द्या. वर्गात मुलं किती, फाटक बंद असतं का, संडासला कोण नेतं, बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, शेजारी कोण बसणार, हे विचारा. घरची भाषा शाळेत असेल तर प्रत्येक सूचना दोनदा शिकवावी लागत नाही.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस स्थानकात सांगितलं, हा दिवाणी व्यवहार आहे, तुम्हीच पैसे दिलेत. अहो, खोटं सांगून पैसे काढले, त्याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? शिक्षण खात्याच्या कार्यालयात म्हणाले, ती शाळाच नाही, आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या कार्यालयात अर्ज घेतला, पोच दिली नाही, ‘चतुर्थीनंतर या’ म्हणाले. चतुर्थीनंतर गेलो तर टेबलावरचा माणूस बदललेला आणि अर्ज गायब. कायद्यानं अशा संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र लागतं, ते दर्शनी लावावं लागतं; ते तिथे आहे का, एवढं बघायला एकही माणूस गेला नाही. नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला आरसीआय कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्ही पाच महिने फेऱ्या मारल्या, कामाचे १९ दिवस बुडाले, आणि प्रत्येक साहेबानं आम्हालाच विचारलं, आधी चौकशी का केली नाही? पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाज, भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा फोटो, सगळं जोडलं आहे. चौथ्या पानाची झेरॉक्स सगळ्यात वर लावली आहे.