जुन्या कॉन्फिगवर पोस्टफिक्स ३.५ : आठ महिन्यांनंतर

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या २.११ आवृत्तीवरून ३.५ वर गेलो तो नाइलाजाने, मशीनच बदलायची होती म्हणून. मेन डॉट सीएफ ही सेटिंगची फाइल होती तशी उचलून आणली आणि सर्व्हर पहिल्या फटक्यात चालू झाला. तेव्हा विचारलं असतं तर पाचही तारे दिले असते.

खटकायची एकच गोष्ट. दर वेळी सुरू करताना लॉगमध्ये तीच भुणभुण, की जुन्या डिफॉल्टवर चालतोय, बंद करायचं तर कंपॅटिबिलिटी लेव्हल (कोणत्या काळातले डिफॉल्ट वापरायचे ते ठरवणारी सेटिंग) २ करा. दोन महिने सोसलं, मग करून टाकली. सोबत दिलेलं पान वाचलं नाही. (कोणाचे मेल पुढे न्यायचे ते ठरवणाऱ्या मायनेटवर्क्स आणि रिले डोमेन्स या सेटिंगांचेही डिफॉल्ट त्याने बदलतात. माझ्याकडे त्या आधीच हाताने लिहिलेल्या होत्या, म्हणून तिथे वाचलो.)

दुसऱ्या सकाळी बॅकअपच्या रिपोर्टचा मेल परत. कारण काय, तर एसएमटीपीयूटीएफ८ (रोमनबाहेरची अक्षरं असलेले मेल नेण्याची सोय) लागतं आणि पलीकडचा सर्व्हर ते देत नाही. अहो, पण दोन्ही पत्ते साध्या रोमन अक्षरांत! दोन संध्याकाळी पत्त्यांत लपलेलं अक्षर शोधत बसलो. दोष निघाला विषयाच्या ओळीत. माझी जुनी स्क्रिप्ट मराठी विषय कच्च्या यूटीएफ-८ मध्येच मेल पाठवणाऱ्या सेंडमेल कमांडला देत होती. पूर्वी ते बाइट मुकाट पुढे जायचे. आता सेंडमेलमधून आलेलं पत्र तपासलं जातं आणि हेडरमध्ये (विषय, पत्ते वगैरे ओळींत) आस्कीबाहेरचं, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडचं काही सापडलं, तर ते झेपणारा सर्व्हरच पलीकडे लागतो. नियम म्हणून बरोबरच आहे. पण परत आलेल्या मेलमध्ये ‘सब्जेक्ट’ हा एक शब्द घालायला काय जात होतं?

रागाच्या भरात एसएमटीपीयूटीएफ८ बंद केलं. एक ओळ, काम फत्ते. पुढे एका देवनागरी पत्त्यावर मेल पाठवायची वेळ आली आणि गुपचूप परत चालू केलं. शेवटी स्क्रिप्टला हात घातला. मराठी विषय आस्की अक्षरांच्या तुकड्यांत गुंडाळून पाठवायचा, आणि असा प्रत्येक तुकडा, म्हणजे एन्कोडेड-वर्ड, ७५ अक्षरांच्या आत बसवायचा. ‘यूटीएफ-८’ आणि ‘बी’ची वेष्टणं वजा जाता बेस६४ ला (तीन बाइट चार साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) चारच्या पटीत ६० उरतात, म्हणजे ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची तीन-तीन बाइटांची जेमतेम १५ चिन्हं. काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजून! मी सरळ ४५ बाइटांवर कापत गेलो. स्पेस एकाच बाइटची असते हे विसरलो, अक्षर मधोमध चिरलं आणि विषयात चौकोन उमटले. आता कापतो ती अक्षर संपल्यावरच.

तीन महिने एकही मेल परत आलेला नाही, लॉगही शांत आहे. मध्यंतरी दोनच तारे द्यायच्या बेतात होतो, आता चार. पाचवा त्या एका शब्दापायी कापलाय.