गणपतीला ऑनलाइन बुक केलेले गुरुजी: पूजेला पाच स्टार, सर्व्हिसला दोनच

आमचे नेहमीचे गुरुजी वयामुळे आता बाहेर पडत नाहीत म्हणून २०२५च्या गणेश चतुर्थीला, म्हणजे २७ ऑगस्टच्या पूजेसाठी, पहिल्यांदाच ऑनलाइन बुकिंग केलं. सर्व्हिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुण्यात अशा बऱ्याच आहेत. बुकिंग सोपं, दक्षिणा आधीच ठरलेली, सामानाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली, अगदी पत्रीसकट. त्याबद्दल काही तक्रार नाही.

स्लॉट साडेनऊचा, गुरुजी आले अकराला. चोवीस-पंचवीसचा मुलगा, सोवळं घामाने भिजलेलं, आवाज पार बसलेला, संकल्प सांगताना दोनदा थांबला, पण प्राणप्रतिष्ठा अजिबात उरकली नाही हां, दूर्वेने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावताना हात थरथरत होता तरी मंत्र स्वच्छ. सोळा उपचार केले, फक्त तासाभराची पूजा पस्तीस मिनिटांत. मी म्हटलं गुरुजी निदान दूध घ्या, तर म्हणाले, "नको काकू, पहाटे चारला सुरू केलंय, ही नववी, अजून सहा घरं आहेत, शेवटची झाली की मगच काय ते खाईन." सगळ्यांनाच मध्यान्हाच्या आत हवी असते ना पूजा, मग होतं हे असं.

सासरे म्हणाले बघा केवढी निष्ठा. आणि अ‍ॅपवर या गुरुजींच्या फोटोखाली लिहिलंय 'एका दिवसात १८ पूजा', कौतुक म्हणून! मला खरंच राग आला. पहाटेपासून उपाशी गाडी चालवणाऱ्या कॅबवाल्याच्या गाडीत आपण बसणार नाही आणि गुरुजी उपाशी म्हटलं की हात जोडतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे, अजिबात न खाणाऱ्याला योग साधत नाही, झोपणं-जागणंही बेताचं हवं. माझे आजोबा कोकणात भिक्षुकी करायचे, चतुर्थीला तेही वाडीभर फिरायचे, पण दोन-तीन घरं झाली की कोणीतरी पाट मांडून बसवायचंच, आणि त्यांची भक्ती काय कमी होती का.

गुरुजी कमी पडतात म्हणून एकेकाला इतक्या पूजा कराव्या लागतात, असं कोणी म्हणेल, तर हे कारणही मला पटत नाही. आपल्याच पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत बायका, सगळ्या जातींचे लोक पौरोहित्य शिकतात, त्यांना घ्या की. आणि ज्यांना जमतं त्यांनी घरी स्वतः पूजा करावी, काही बिघडत नाही.

डब्यात पाच मोदक भरून दिले होते. संध्याकाळी साडेपाचला मेसेज आला, काकू आत्ता खाल्ले. साडेपाचला!

सर्व्हिसवाल्यांनी दोन पूजांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवावा, एका गुरुजींसाठी दिवसाला आठच्या वर पूजांचं बुकिंग घेऊ नये आणि तो १८चा आकडा काढून टाकावा. दक्षिणा वाढवली तर मी आनंदाने देईन. पुढच्या वर्षी बोलावणार तर याच गुरुजींना, पण त्यांचा शेवटचा स्लॉट घेणार, म्हणजे पूजा झाली की आमच्याकडेच पान वाढता येईल.